दोन कोरे रकाने

“…मग रोग संपला असं लिहून द्यायला काय हरकत आहे, बाबा?”

असं विचारत डॉ. सुहृद परुळेकरांनी नकाशा चटईवर पसरला. साथींचा माग काढत त्यांनी तीस वर्षांत साठ देश पालथे घातले होते. मुलांना लुळं करणारा हा रोग जगात शेवटी या एका डोंगरपट्ट्यातच उरला होता. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. उद्या त्यांची सही झाली, की इथलं लसीकरण थांबणार होतं.

दर्ग्याच्या ओट्यावर कासमबाबा फकीर टोपी शिवत बसले होते. परुळेकर इथे नवखे डॉक्टर म्हणून आले, तेव्हा लसीला घाबरणाऱ्या आयांना समजवायला हेच बाबा त्यांच्याबरोबर दारोदार हिंडले होते.

“कशावरून संपला?”

“दर सोमवारी गावागावांतून कागद येतो. रोगी नसला तरी शून्य लिहून पाठवायचं, असा आमचा नियम. तीन वर्षं सगळीकडे शून्य आहे.”

“सगळीकडे?”

“चाळीसपैकी अडतीस गावांत. नदीपलीकडच्या दोन गावांतून कागदच येत नाही. त्यांचे रकाने कोरे आहेत, तिथंही शून्यच धरलंय. काही असतं तर बोंब झालीच असती की.”

“मोठे झालात, डॉक्टरसाब. पूर्वी विचारायचात. आता धरता.”

परुळेकर हसले. “पायांत पूर्वीचा जोर कुठाय, बाबा? सांगा, करू ना सही?”

बाबा काही बोलले नाहीत.

“बाबा?”

…

सुई टोपीतच अडकून राहिली होती. डोळे मिटलेले.

“रागावलात का?”

…

नकाशा तुडवतच परुळेकर पलीकडे गेले, बाबांचं मनगट धरलं आणि ठोके मोजू लागले. नाडी संथ चालली होती, तरण्या माणसाची असावी तशी.

बाबांनी डोळे उघडले.

“का उठलात?”

“तुम्ही बोलेनात म्हणून.”

“मग शून्य धरायचं होतं.”

परुळेकर तसेच उभे राहिले. मनगट सोडायचंही त्यांना सुचेना. नदीची निळी रेघ त्यांच्या पायाखाली चुरगळली होती…

बाबांनी टोपीतली सुई पुढे ओढली.

“हात सोडा आता. नदीपलीकडे जाणारी होडी दुपारी सुटते.”