कोंबडीचा ज्वर उतरला

जांभूळगडचे राजे भानजीराव यांच्या न्याहारीला चार दिवस अंडं मिळालं नव्हतं, आणि त्यामुळे गडावर कुणाचंच काही खरं नव्हतं. चैत्राचं ऊन मी म्हणत होतं. खुराड्यातल्या दोनशे कोंबड्यांनी अंडी देणं थांबवलं होतं. खुराडं सांभाळणाऱ्या गोजराबाईला बोलावून राजेसाहेबांनी कारण विचारलं, तर ती म्हणाली, ऊन फार झालंय. वाळ्याच्या पडद्याआड बसणाऱ्या माणसाला हे पटणं तसं अवघडच. राजेसाहेबांनी राजवैद्य विश्वंभरशास्त्री यांना खुराड्यात धाडलं.

शास्त्रीबुवांची सगळी हयात राजघराण्याच्या नाड्या बघण्यात गेली होती. कोंबडीची नाडी कुठे असते याबद्दल त्यांच्या पोथीत अवाक्षर नव्हतं, पण एवढ्यावर अडून बसतील तर ते राजवैद्य कसले! हाताला रेशमी फडकं गुंडाळून त्यांनी एका कोंबडीच्या पंखाखाली बोटं घातली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. ज्वर! दुसरी पाहिली, तिलाही ज्वर. विसाव्या कोंबडीपर्यंत तरी त्यांना आपल्या बोटांची शंका यायला हवी होती. ती आली नाही. उलट साथ आल्याचं निदान पक्कं झालं.

ज्वरावर उपाय एकच, घाम काढणे. झरोके बंद झाले, खुराड्यांवर गोधड्या पडल्या, कोंबड्यांना सुंठीचा काढा पाजला गेला. गोजराबाईने हात जोडून सांगितलं की कोंबडीला घाम येतच नाही. ती चोच वासून धापा टाकते, तेव्हा कुठे तिच्या अंगातली उष्णता बाहेर पडते. शास्त्रीबुवा म्हणाले, येत नाही म्हणूनच तर काढायचा.

दोन दिवसांत सात कोंबड्या मेल्या. शास्त्रीबुवांनी त्याचं खापर गोजराबाईवर फोडलं. ही बाई आपली पाठ वळली की गोधड्या काढते, असं त्यांनी राजेसाहेबांच्या कानावर घातलं. ते खरंच होतं. राजेसाहेब भडकले.

"उद्या दुपारपर्यंत कोंबड्यांचं अंग माझ्या हाताइतकं गार झालं पाहिजे," ते म्हणाले. "नाही झालं तर सगळ्या मारून पुरायच्या, आणि हिने गड उतरायचा."

नवरा गेल्यापासून गोजराबाईला त्या कोंबड्यांशिवाय कुणी नव्हतं. वीस वर्षं रोज सकाळी ती एकेकीच्या पंखाखाली हात घालून बघत आली होती. धडधाकट कोंबडी माणसापेक्षा गरमच लागते. जी गार लागली, तिची त्या दिवशी आशा सोडायची. हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण तिचं ऐकतो कोण?

सकाळी ऊन चढता चढता तिची लाडकी कोंबडी कवडी गोधडीखाली मेली. तिला मांडीवर घेऊन गोजराबाई ढसाढसा रडली. रडता रडता तिचा हात कवडीच्या पंखाखाली गेला. अंगातली ऊब हळूहळू उतरत होती. गोजराबाईने पदराने डोळे पुसले आणि ती कोंबड्या ठेवायची दोन डालगी शोधायला उठली.

दरबारात तिने फडक्याने झाकलेली दोन्ही डालगी शेजारी शेजारी ठेवली. एका दिवसात सगळ्या काही झाल्या नाहीत, पण एक मात्र हुकमाप्रमाणे झाली आहे, असं तिने सांगितलं. ताडून बघायला दुसरी आणली आहे. आपल्या शब्दाला काय किंमत, तेव्हा पारख शास्त्रीबुवांनीच करावी.

शास्त्रीबुवांनी फडक्याखालून पहिल्या डालग्यात हात घातला आणि नाक मुरडलं. ज्वर, आणि कालच्यापेक्षा जास्तच! मग एका हाताने राजेसाहेबांचं मनगट धरून त्यांनी दुसरा हात दुसऱ्या डालग्यात घातला. त्यांचा चेहरा उजळला.

"तंतोतंत!" ते म्हणाले. "महाराजांच्या अंगाची उष्णता आणि हिची, अगदी एकच. आणि शांत किती आहे बघा. धाप नाही, तडफड नाही. माझा काढा लागू पडला."

"म्हणजे ही पूर्ण बरी झाली?" राजेसाहेबांनी विचारलं.

"पूर्ण बरी, महाराज. सगळ्या अश्शाच व्हायला हव्यात."

गोजराबाईने दोन्ही फडकी ओढली. पहिल्या डालग्यातून तांबडी कोंबडी फडफडत बाहेर आली, पंख झटकून दरबारच्या गालिच्यावर शिटली आणि दाणे शोधत निघाली. दुसऱ्यात कवडी मान टाकून पडली होती.

"ही सकाळीच मेली, सरकार," गोजराबाई म्हणाली. "कोंबडी मान्साएवढी गार व्हायला एकच औषध हाय, आन् ते शास्त्रीबुवांपाशीच मिळतं. बाकीच्यांना कवा पाजायचं, तेवढं सांगा."

राजेसाहेबांनी कवडीकडे पाहिलं. मग शास्त्रीबुवांच्या मुठीत अजून असलेल्या आपल्या मनगटाकडे पाहिलं आणि ते हळूच सोडवून घेतलं.

"शास्त्रीबुवा, गेली वीस वर्षं मी पूर्ण बरा आहे, असं तुम्हीच सांगताय ना हो?"

आणि ते जे हसत सुटले, ते पोट धरून गादीवर लवंडेपर्यंत. मग दरबारही हसला. आधी हसायची कुणाची छाती नव्हती. डोळे पुसत राजेसाहेबांनी गोजराबाईला जरीकाठी लुगडं आणि नदीकाठच्या आमराईतली जागा कोंबड्यांसाठी बहाल केली. कारभारी लुगडं आणायला वळला, तोच गोजराबाई पुढे झाली.

"लुगडं मागनं द्या, सरकार. आधी गोधड्या काढायचा हुकूम सोडा. तिकडं माझ्या समद्याजणी चोची वासून बसल्यात."

राजेसाहेबांना पुन्हा हसू फुटलं. हसतच त्यांनी हुकूम सोडला, आणि गोधड्यांचं ओझं शास्त्रीबुवांच्या डोक्यावर द्यायला सांगितलं. दुपार कलायच्या आत गोजराबाईच्या सगळ्या कोंबड्या आमराईच्या सावलीत माती उकरत होत्या.