हलकं लेकरू आन् जड राजा

एका राज्यात, जितं नदी डोंगरातनं निघती आन् दुसऱ्या डोंगरात शिरती, तितं हैबत नावाचा राजा व्हता. तलवारीला तिखट, डोक्यानं त्याहून तिखट. सगळ्या राज्यात त्येचा जीव एकाच मानसावर, रानी केवडावर. रोज सकाळी ती सोताच्या बोटानं त्येच्या कपाळाला गंध लावायची, मंगच त्यो दरबाराकडं पाय टाकायचा.

लगनाच्या तिसऱ्या वर्सी रानीला दिस गेलं. हत्तीवरनं साखर वाटली, नगारं वाजलं. राजा कस्तुरीचं अत्तर लावून, मिशीला पीळ दिऊन रानीजवळ गेला. रानीनं नाकाला पदर लावला.

"अवो, लांब व्हा की जरा. मळमळतंय मला तुमच्या वासानं."

राजा लांब झाला. आन् लांबनं बगतोय तर काय, रानी चुलीतली भाजकी माती मागून मागून खाती! राजाचा जळफळाट झाला. माती गोड, आन् मी कडू?

मंग तिला करवंदं खावीशी वाटली. राजानं सात डोंगर तुडवून करवंदं आनली. आनीपत्तूर डोहाळं बदललं. आता तिला भाजल्यालं कनीस पायजे. करवंदं दासींनी खाल्ली.

पाचव्या म्हैन्यात पोटात लेकरू हाललं. धोंडाई म्हनून राज्यातली जुनी सुईन व्हती. रानीनं तिचा हात धरला आन् पोटावर ठिवला. "धोंडाई, बग गं, लाथ मारतंय!" दोगी हासल्या. राजा दारातनं धावत आला, त्येनंबी हात ठिवला. लेकरू गप. राजा घटकाभर तसाच वाकून उभा राह्यला. पाठीला कळ आली तरी लेकरू हाललं न्हाई.

"निजलं आसंल," रानी म्हनाली.

"माजा हात लागला की बरं निजतं," राजा म्हनला, आन् दार आपटून गेला.

सातव्या म्हैन्यात डोहाळजेवान झालं. हिरवा शालू, फुलांचा झोपाळा, बायकांचं गानं. रानीच्या हातात धनुष्य द्यायचं असतं, तर राजाचंच धनुष्य मागून न्येलं. राजाला मात्र आत कुनी बोलावलं न्हाई. त्येचं धनुष्य आत, आन् त्यो भायेर!

नऊ म्हैनं भरलं. मुलगी झाली. सव्वा म्हैना बाळंतिनीच्या खोलीचं दार लागलं. आत शेगडीचा शेक, ओव्याची धुरी, तेलाचा वास, आन् रानीच्या अंगाईचा आवाज. त्यो आवाज राजानं आदी कदी ऐकलाच नव्हता. म्हंजे असलं गानं तिच्याजवळ व्हतं, आन् तीन वर्सांत त्येच्यासाठी एकदाबी म्हनलं न्हाई!

सव्वा म्हैन्यानं दार उगडलं. राजा गंधासाठी कपाळ पुसून, मान पुढं करून रानीपुढं उभा राह्यला. रानी लेकराला पाजत व्हती. "थांबा, पिऊ द्या तिला." राजा थांबला. मंग लेकराची ढेकर निगंना. राजा थांबला. मंग रानीनं बोट काजळात बुडवलं आन् लेकराच्या गालाला तीट लावली. तितं राजाचं डोकं फिरलं. त्येनं आंगठ्यानं ती तीट खसकन पुसली, पोरीच्या तोंडाकडं डोळं वटारून बगितलं आन् म्हनला, "बगू तरी काय एवढं हाय हिच्यात!"

झालं. दिष्ट लागली.

लेकरानं त्याच दिवशी दूध सोडलं, आन् दिसागनिक हलकं व्हायला लागलं. आदी पिसावानी, मंग कापसावानी. पाचव्या दिवशी त्ये पाळन्यातनं वर उचललं गेलं आन् छताला टेकलं. रानीनं किंचाळून खाली वढलं, शालूचा पदर फाडून पाळन्याला बांधलं, खिडक्या झाकल्या आन् खोली धरली. भीतीनं तिचंबी दूध आटलं. धोंडाईनं रोज मीठ-मव्हऱ्या-मिरच्यांनी दिष्ट काढली. आल्यागेल्याची म्हनली, भुताखेताची म्हनली, कशानं उतरंना.

आन् जितकं लेकरू हलकं, तितका राजा जड. सिंव्हासनाचं पाय फरशीत रुतलं. घोड्यावर बसला तर घोडा खाली बसला. जिना चढाया गेला तर तीन पायऱ्या मोडल्या. मंग त्येला वर रानीकडं जाताच येईना.

राजा पायी रानात गेला. पावलागनिक घोट्यापत्तूर रुतत व्हता. एका जुन्या झाडाबुडी टेकला, तर वरनं आवाज आला.

"राजा, बाजूला सर. माजी वाट अडली."

त्यो धनेश पक्षी व्हता, भल्यामोठ्या पिवळ्या चोचीचा. त्या राज्यात पाखरं बोलायची, त्येचं कुनाला काय वाटत नव्हतं. झाडाच्या ढोलीला मातीचा लेप दिल्याला, मधी निस्ती एक फट. धनेशानं फटीत फळ सरकवलं, आतनं एका चोचीनं त्ये वढून घ्येतलं.

"हिला कोंडली कुनी?" राजानं इचारलं.

"तिनं सोताच लिंपून घ्येतलं. आंडी हायती आत."

"आन् तू?"

"मी फळं आनतो. तिची निस्ती चोच दिसती."

"राग न्हाई येत तुला?"

"येतो. तवा मी आनीक लांबचं फळ आनतो."

राजानं वर ढोलीच्या फटीकडं बगितलं. मंग त्येनं पोरीचं सांगितलं. कसं झालं त्ये मात्र सांगितलं न्हाई. धनेशानं मान वाकडी करून त्येच्याकडं बगितलं.

"तीन कामं कर. पयलं, काळघाटाच्या धावड्याचा डिंक आन, रानीला दूध येईल. पन तितं सोताचं नाव सांगू नगंस, आन् घरी दिलंस तरी कुनी दिलं त्ये सांगू नगंस. दुसरं, नागझऱ्याचं पानी सोताच्या डोक्यावरनं आन, लेकराला न्हाऊ घालाया. तिसरं मंग सांगतो. सात दिसांत उरक. आठव्या दिवशी पोरगी कशालाच बांधून ऱ्हायची न्हाई."

राजा काळघाटात गेला. धावड्याच्या बुडाशी एक मांत्रिक बसल्याला, आन् भवताली मानसांएवढं धोंडं. जो कुनी डिंकाला आला आन् आपलं नाव बोलला, त्येचा धोंडा झाल्याला.

"कोन रं तू?" मांत्रिकानं दरडावलं.

ह्यो राजा आजवर उठता-बसता "मी हैबत!" म्हनून गरजल्याला. शब्द अगदी दातापत्तूर आला. त्येनं गिळला.

"एका बाळंतिनीचा नवरा," त्यो म्हनला.

मांत्रिकानं चिमूटभर राख उडवली. राखंला नाव सापडंना. ती परत फिरून मांत्रिकाच्याच अंगावर पडली आन् त्योच धोंडा झाला. राजानं डिंक खरवडला, धोतराच्या सोग्यात बांधला.

धोंडाईनं डिंकाचं लाडू वळलं. खालच्या चौकात राजा उभा, वर खिडकीच्या फटीतनं रानीचा आवाज आला.

"धोंडाई, काय गुन गं तुज्या हाताला! तुज्यावानी जीव लावनारं ह्या वाड्यात कुनी न्हाई बग."

राजानं मुठी आवळल्या. एक हाक मारायची, "मी आनलाय!" एवढंच. पन त्यो मिशी चावत उभा राह्यला. वर रानीला पान्हा फुटला, आन् लेकरू छताच्या दिशेनं वढ घ्यायचं थोडं थांबलं.

मंग नागझरा. झऱ्यावर डोक्यात मनी असल्याला नाग व्हता. त्यो म्हनला, "पानी न्ये. पन वाटंत रागावलास तर पानी उकळंल, आन् उकळल्यालं पानी लेकराच्या कामाचं न्हाई."

राजानं चुंबळ क्येली, घागर डोक्यावर घ्येतली आन् भर बाजारातनं निगाला. मिशा पीळदार, डोक्यावर घागर, पाय घोट्यापत्तूर चिखलात. बाजार बंद पडला. एक माळीन भाजी टाकून वरडली, "अगं बाई! म्हाराजांस्नी रानीनं पान्याला लावलं गं!"

दुसरी म्हनाली, "कमरंत लचका म्हाराज, कमरंत! घागर हाय ती, मुगुट न्हाई!"

राजाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. डोक्यावर पानी हळूहळू तापाया लागलं, घागरीतनं वाफ निगाली. राजानं दात खाल्लं, मंग दात सोडलं, मंग कमरंत लचकला. खरंच, तसं चालल्यावर घागर सांडंना. "बराबर सांगितलंस बये," त्यो म्हनला. पानी तापायचं थांबलं.

धोंडाईनं घागरीत कोपर बुडवून बगितलं. "अगदी कोमट! लेकराच्या अंगाला पायजे तसं. कुठं तापवलंत म्हाराज?"

"बाजारात," राजा म्हनला.

त्या पान्यानं न्हानल्यावर लेकरू पयल्यांदा खुदकन हासलं. पन हलकं त्ये हलकंच. सातव्या दिवशी सकाळी धनेश वाड्याच्या कौलावर यिऊन बसला.

"तिसरं काम. दिष्ट काढ. ज्येची लागली त्येचं नाव घे, चारचौघांत. बाकी कुनाच्या हातानं ती उतरनार न्हाई."

"कुनाची लागलीय?"

"मी पाखरू हाय. मी कशाला सांगू?" म्हनून धनेश उडाला.

राजा जिना चढू शकंना, म्हनून लेकरूच चौकात आनलं. वर उगडं आभाळ. रानीनं पोरीला आपल्या मनगटाला पदरानं बांधलं व्हतं, आन् पोरगी पतंगावानी वर तरंगत व्हती. परधान, दासी, पागेतली मानसं, सगळी गोळा झाली. राजानं मुठीत मीठ, मव्हऱ्या, लाल मिरच्या घ्येतल्या.

"शेजारच्या राजाची दिष्ट!" म्हनून त्येनं मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या. मिरच्या तशाच लाल पडून राह्यल्या. ठसका न्हाई, तडतड न्हाई. पोरगी हातभर आनीक वर गेली.

"बाजारच्या बायकांची दिष्ट!" कायबी न्हाई. पदराची एक गाठ सुटली.

"धोंडाईची!"

धोंडाई खवळली. "माजी? म्हाराज, आख्ख्या गावाची पोरं काढली म्या ह्या हातांनी, कुनाला लागली न्हाई, आन् हिलाच लागली व्हय?"

दुसरी गाठ सुटली. रानी टाचा उचलून वढत व्हती, तिचं मनगाट काळंनिळं झालं. "अवो, कुनाची हाय त्येचं नाव घ्या की! गेलं माजं लेकरू!"

राजानं समद्यांकडं बगितलं. परधान बगत व्हता, पागेतली पोरं बगत व्हती. हेच्यापरीस लढाईत मेल्यालं बरं. मंग त्येनं वर बगितलं. पोरगी आभाळाच्या उजेडात हातपाय हालवत व्हती, तिला कशाचं कायबी ठावं नव्हतं.

"बापाची!" राजा वरडला. "माजी! मीच हिच्यावर जळलो! हिचा जलम व्हायच्या आदीपासनं जळतोय!"

मिरच्या फाडकन फुटल्या. असा ठसका उठला की परधानापासनं हत्तीपत्तूर सगळी खोकत सुटली. लेकराला शिंक आली, आन् त्ये दगडावानी खाली आलं. राजा हात पसरून धावला. आता त्यो हलका झाल्ता, पळता येत व्हतं. लेकरू बराबर त्येच्या हातात पडलं. आन् काय जड व्हतं म्हंता! दोन म्हैन्यांचं धडधाकट वजन. राजा गुडघ्यावर बसला.

रानी आली. आदी लेकरू वरखाली चाचपलं. मंग राजाकडं वळली.

"सोताच्या पोरीवर जळलात?"

"व्हय."

"लाज न्हाई वाटली?"

"आता वाटती."

"मला एका शब्दानं सांगितलं असतं तर?"

"काय सांगू? राजा हाय मी. मला जवळ घे म्हनून सांगू?"

रानीच्या डोळ्यात पानी व्हतं आन् रागबी व्हता. "आठ दिस डोळ्याला डोळा लागला न्हाई माज्या," ती म्हनाली. "मी निजाया चालले. धरा तिला. आन् मानंखाली हात धरा, तलवार न्हाई ती."

राजाच्या तोंडून खरं निगालं त्याच घटकंला काळघाटातलं धोंडं मानसं झालं आन् डोळं चोळत आपापल्या घरला गेलं. मांत्रिक तेवढा धोंडाच राह्यला, त्येच्यावर आता बकऱ्या अंग घासत्यात. सिंव्हासन फरशीतनं वर आलं. घोडा उठून उभा राह्यला.

राजा बाजेवर पाय लांब करून बसला, पायावर लेकरू. पाय हालवत बसला. परधान घाईनं आला, "म्हाराज, दरबार भरलाय..."

"हळू बोल, न्हाईतर जीभ काढीन," राजा कुजबुजला.

दोनपार कलली तवा रानी उठली. केस मोकळं, डोळं सुजल्यालं. बगती तर लेकरू राजाच्या पायावर गाढ, तोंड उगडं, मुठी सैल. ती तशीच दारात उभी राह्यली.

"माज्यापाशी कदी असं निजत न्हाई ही," ती म्हनाली.

राजानं त्यो आवाज वळखला. तसला आवाज साऱ्या राज्यात त्येच्याइतका कुनाला ठावं? त्येनं पाय न हालवता अंग सरकवलं, बाजेवर जागा क्येली.

"बस," त्यो म्हनला.

ती बसली. त्या राज्यात आजबी लेकराची दिष्ट काढताना पयलं नाव बापाचं घेत्यात, आन् एकबी बाप रागावत न्हाई. हितं ही कानी थांबली, आन् लेकरूबी निजलंय, तवा समद्यांनी दबक्या पावलानं घरला जावं.