अर्धा दोर

फार जुन्या काळची गोष्ट. पोरांनो, ऐका; आणि पोरांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, तुम्हीही ऐका. थंड मुलखात एका अफाट सरोवराच्या काठी एक गाव होतं. हिवाळ्यात वारा सरोवरावरून यायचा, पाण्याची वाफ उचलायचा आणि गावावर बर्फ करून ओतायचा. पलीकडच्या काठावर लख्ख ऊन, आणि इकडे आपलाच हात आपल्याला दिसायचा नाही! सरोवर गोठलं की वाफ थांबायची, मगच सुटका. तोवर सगळे जीव मुठीत धरून असायचे.

म्हणून गावात एक रीत होती. प्रत्येक घराने गवताचा अर्धा दोर वळायचा, त्याचं एक टोक आपल्या दाराला बांधायचं, आणि थंडीच्या तोंडावर दोन शेजाऱ्यांनी मधोमध येऊन गाठ मारायची. काय दिवस असायचा तो! घरोघरी खीर शिजायची, बायका गाणी म्हणायच्या. मग वादळातही माणसं दोर धरून एकमेकांकडे जायची. गेले ते दिवस!

त्या गावात एक विणकरीण होती. नवी नवरी होऊन आली, तेव्हा शेजारच्या अक्कानेच तिला दोर वळायला शिकवलं होतं. पण एका वर्षी अक्काच्या शेळीने हिचं नवंकोरं घोंगडं कुरतडलं. शब्दाने शब्द वाढला.

"आजपासून तुझं तोंड बघणार नाही!" ही म्हणाली.

"नको बघूस. माझं काय अडलंय?" अक्का म्हणाली.

थंडी आली. दोघींनी आपापला दोर वळला, दाराला बांधला. गाठ मारायला मात्र एकही पुढे झाली नाही.

आणि मग वादळ सुटलं. वाऱ्याने धुराड्याचं झाकण उडवलं, बर्फाचा ढीग थेट चुलीत कोसळला आणि विस्तव विझला. विणकरणीचा नवरा आजारी होता. त्याचे ओठ निळे पडायला लागले. विस्तव मिळाला नाही तर तो जाणार, हे तिला कळून चुकलं. तिने एका हातात खापर घेतलं, दुसऱ्या हाताने दोर धरला आणि ती बाहेर पडली. अर्ध्या वाटेत दोर संपला.

पुढे नुसतं पांढरं. दोर सोडला तर ना अक्काचं घर सापडणार, ना स्वतःचं. तिला अक्काचे उबदार हात आठवले, "पीळ घट्ट दे गं, पोरी" असं म्हणत तिच्या हातांवर ठेवलेले. तिला रडूच फुटलं. खड्ड्यात गेलं ते घोंगडं!

"अक्का!" तिने हाक मारली. वाऱ्यापुढे कोण ऐकणार? बोटं बधिर झाली, घसा बसला, तरी ती ओरडत राहिली.

"दोर सोडू नकोस! बोलत राहा!" अखेर आवाज आला. अक्का आपला दोर धरून चाचपडत येत होती. "कधीची उभी आहेस गं? गाठ मारायच्या दिवशीच हाक मारली असतीस तर!"

"तू तरी मारलीस का?" विणकरीण रडत म्हणाली.

दोघींनी तिथेच गाठ मारली आणि अक्काच्या चुलीतला विस्तव खापरात झाकून आणला.

नवरा वाचला. विणकरणीची दोन बोटं मात्र थंडीने गेली. पुढे त्या दोघी भांडल्या नाहीत असं नाही हो, चांगल्या कडाकडा भांडायच्या! पण त्या वर्षापासून दोन्ही घरांचा दोर एकटी अक्काच वळायची, आणि विणकरीण शेजारी बसून तिला गवत पुरवायची.

तात्पर्य: शेजाऱ्याशी भांडावं खुशाल, पण त्याच्या दाराची वाट तोडू नये.