हसली की पडणारी भिवरा

चुळबूळ पुरे. ऐका. एकदा काय झालं, एका कुंभाराला एक लेक होती, भिवरा. पोरीला दिवसाउजेडी डुलक्या यायच्या. आणि खळखळून हसली, की अंगातलं बळच जायचं बरं का. कान जागे, पण बोटसुद्धा हलायचं नाही. थोड्या वेळाने उठायची.

आधी नागपंचमीला झोक्यावरून पडली. मग लग्नात पडली. उखाणा घेताना हसू आलं आणि नवरी मांडवातच कोसळली. वऱ्हाडी म्हणाले, बाधा आहे हिला. सासू ठकूबाई मोठी खमकी. तिने बजावलं, "माझ्या घरात हसायचं नाही." बिचारी ओठ दाबून राबायची.

मग एके दिवशी दारात बकरी शिरली. सासू हाकलायला गेली, तर बकरीने तिचा पदरच तोंडात धरला. सासू पुढे, बकरी मागे. भिवराला हसू आवरेना, आणि ती धाडकन पडली.

या वेळी काही केल्या उठेना. नवरा बाजाराला गेलेला. बाया जमल्या, रडू लागल्या. एक म्हणाली, "गेली गं." दुसरी म्हणाली, "दिवस मावळायच्या आत न्यायला हवी." अंगणात बांबूसुद्धा येऊन पडले. भिवराला सगळं ऐकू येत होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. जितकी घाबरे, तितकं अंग आणखी लुळं पडे.

पण सवाष्णीला मळवट भरल्याशिवाय कसं न्यायचं? सासू कुंकू घेऊन वाकली. तिच्या मनगटाला ऊन श्वास लागला. म्हातारी थबकली. मग तिने सगळ्यांना बाहेर घालवलं, दार लोटलं, सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. हळूहळू थोपटत म्हणाली, "घाई नाही गं. ये सावकाश."

मग भिवराची भीती उतरली. आधी करंगळी हलली, मग मान वळली, मग ती उठून बसली आणि सासूच्या गळ्यात पडून रडली. सासूचेही डोळे वाहत होते. ती म्हणाली, "हस गं पोरी. पडलीस तर धरायला मी आहे."

मग भिवरा पोटभर हसली. कधी पडायची, कधी नाही. पडली, की कुणीतरी गुपचूप जवळ बसायचं. सगळी सुखाने नांदली. चला, कुशीवर वळा आणि निजा आता.