आईचं विरजण

“मग माझंच पोट का रुसलंय, बुवा?”

विचारत होता राजापूरचा भार्गव वैद्य. देवदारही जिथं संपतात, तिथं अच्युतबुवांची कुटी. बुवाही मूळचे कोकणातलेच, पण वर येऊन चाळीस वर्षं झालेली. त्या काळी सगळा प्रवास पायी. भार्गवाला पोचायला चार महिने लागले, आणि पोचून आठ दिवस झाले तरी अन्न ठरेना. दोन घास खाल्ले की पोट नगाऱ्यासारखं तट्ट. स्वतःच्याच पुड्या खाऊन थकला बिचारा.

“खाली मी दगड पचवायचो,” तो म्हणाला.

“खाली,” बुवा म्हणाले. “पायांनी तू चढलास, भार्गवा. पोटातलं गाव अजून राजापुरातच बसलंय.”

“पोटात कसलं गाव?”

“विरजणात असतं ना, डोळ्यांना न दिसणारं? तसलंच. इथं हवा विरळ, थंडी हाडात शिरणारी. त्याला इथलं काही मिळालं तर ते इथलं होईल. तू तर घरचे पोहेच चघळतोयस.”

भार्गवानं कुटीतल्या ताकाला आठ दिवस तोंड लावलं नव्हतं. केसाळ गाईचं दूध, वर कसलासा धुरकट वास! त्यानं मांडीजवळचा पितळी गडू कुशीत ओढला.

गडूत त्याच्या आईचं विरजण होतं. आई गेली त्या दिवशी शिंक्यावरून उतरवलेलं. तेवढंच उरलं होतं तिचं. दर मुक्कामी दूध मागायचं, त्यात चमचाभर घालायचं, गडू पोटाशी धरून निजायचं. तसं जिवंत ठेवत आणलं होतं त्यानं.

पण इथं तीन दिवस दही लागलं नव्हतं. गडूच्या तळाशी चमचाभरच राहिलं होतं.

“आमच्या आळीत चौदा घरांत तिचंच दही असायचं,” तो हळूच म्हणाला. “दिवेलागणीआधी कुणीही वाटी घेऊन यावं. रित्या हातानं नाही परतवलं कुणाला.”

“देताना विचारायची का, दूध कुणाच्या गाईचं म्हणून?”

“छे! असं कसं विचारेल ती?”

“वाटेत तू कुठकुठलं दूध घातलंस?”

“नाशकाचं... नर्मदेकाठचं... हरद्वारचं...”

बोलता बोलता भार्गवानं गडूकडं पाहिलं.

बुवांनी हात पुढे केला. “आण तो गडू.”

त्यानं दिला, आणि बुवांनी तो शेवटचा चमचा सरळ कुटीतल्या ताकाच्या मडक्यात टाकला.

“बुवा!” भार्गव ओरडला. “बुडवलंत! आईचं होतं हो ते!”

बुवांनी कोमट दूध ओतलं, मडकं घोंगडीत गुंडाळलं आणि चुलीच्या उबेला ठेवलं. भार्गव दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. पाण्याचा घोटही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात आलं तसं बुवांनी घोंगडी सोडली. दही घट्ट लागलं होतं. वाटीत वाढलं तर कड धरून उभं राहिलं.

भार्गवानं वाटी नाकाशी नेली...

शिंकं, त्याखालचा पाट, आईच्या पदराचा ओला वास. सगळं आलं. मागोमाग तो धुराचा वासही आला. डोळ्यांतून पाणी घळघळू लागलं.

वाटी ओठांपर्यंत गेली, आणि तिथंच थांबली.

“बुवा, हे आता कुणाचं म्हणायचं? आईचं, की या डोंगराचं?”

बुवा चुलीत लाकूड सारत होते. मागं न बघताच म्हणाले,

“तुझी आई चढून आली, भार्गवा. तू कधी येतोस?”