महाराजांचा पूर्ण वाटा

गुंजापूरच्या दरबारात युनिक्स या प्रणालीवर चालणारा एकच संगणक होता. दवाखाना, धान्यकोठार, पाणीपुरवठा, प्रत्येकाच्या कामाला संगणकाच्या ताकदीचा किती वाटा द्यायचा, ते यमुताई ठरवत.

एकदा महाराज कडाडले, "संगणकावर मांडताना आमची कुंडली रखडते. सगळाच्या सगळा वाटा तिला द्या. दुसऱ्या कामाला कणभर दिलात, तर हत्तीच्या पायी देईन."

यमुताईंनी तसंच केलं.

दुपारी महाराज कुंडली बघायला बसले. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. संगणक ढिम्म. तासाभराने ते गुरगुरले, "हा आम्हाला आत का घेत नाही?"

"आपण कोण, हे त्याला आधी तपासावं लागतं, महाराज," यमुताई म्हणाल्या. "पण ते दुसरं काम झालं, आणि हत्ती दाराशीच उभा आहे."