बसका बैल आणि गवताची काडी

फार जुनी गोष्ट आहे, लहानथोर हो. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावही कुणाला आठवत नाही. रीत मात्र आठवते. वाईट रिती कुठे लवकर मरतात?

त्या राज्यातल्या एका गावात नवराबायकोचं पटेनासं झालं, की दोघांनी पंचांपुढे यायचं. गवताच्या काडीचं एक टोक त्याने धरायचं, एक तिने, आणि काडी मोडायची. मोडली की दोघं मोकळी. तोवर बाईला स्वतःची वेगळी चूल मांडायची बंदी.

गावात एक बुरडीण होती. सुपं, टोपल्या अशा विणायची की बघत राहावं. नवऱ्याने तिला मारून घराबाहेर काढलं होतं. भावाच्या पडवीत ती दिवस काढायची आणि भावजय तिच्या नावाने भांडी आपटायची. नदीकाठी एक खोपटं आणि तीन दगडांची चूल, एवढंच तिचं मागणं होतं.

तिने पंच बोलावले. नवरा आलाच नाही. म्हणे, आज अमावस्या! पुन्हा बोलावले, तर म्हणे बोटाला फोड आलाय. एकदा आला, काडी धरली आणि हसत टाकून दिली.

"मी टोक धरत नाही, तोवर तू माझीच," तो म्हणाला. "बस म्हातारी होत!"

पंच काय म्हणाले असतील? "रीत म्हणजे रीत, बाई. त्याचा हात लागल्याशिवाय काडी मोडता येत नाही." जळ्ळी मेली ती रीत! धड नांदवीना, धड सोडीना. आई जेऊ घालीना, बाप भीक मागू देईना. आणि हे शहाणे मिशांना पीळ देत बसले होते.

बुरडीण हटली नाही. एके सकाळी ती पुन्हा पिंपळाखाली, पंचांपुढे उभी राहिली. नवऱ्याचा निरोप आला, दाढ दुखतेय.

तेवढ्यात समोरच्या चढावर पंचांतल्या पाटलांची दगडांनी भरलेली गाडी थांबली. जोडीतला एक बैल मध्येच फतकल मारून बसला. जू एका अंगाला कललं आणि दुसऱ्याची मान त्यात पिळवटली. त्याचे डोळे पांढरे झाले, तोंडाला फेस आला.

"अरे, सोडा त्याला! मुक्याचा जीव जाईल!" पाटील ओरडत धावले.

"जोत्याचा पट्टा मानेला आवळलाय, पाटील," गाडीवान म्हणाला. "हा बसका उठल्याशिवाय सुटायचं नाही."

"मग कापून टाक!" पाटलांनी बुरडणीच्या कमरेचा कोयता ओढला आणि स्वतःच जोतं कापलं. बैल सुटला. मान झाडून त्याने मोठा श्वास घेतला.

बुरडीण पुढे झाली. "पाटीलबाबा, त्या बसलेल्या बैलाला विचारलंत का?"

"त्याला काय विचारायचं? तो बसकाच! त्याच्यापायी चांगला बैल मरू देऊ?"

"मग माझी मान इतकी वर्षं अडकलीय, ती नाही दिसली? बैलाचा कळवळा येतो तुम्हाला, बाईचा येत नाही?"

पाटलांची मान खाली गेली. त्यांनी गाडीला बांधलेल्या वैरणीतून एक काडी उपसली.

"धर, पोरी. त्याचं टोक आज गाव धरेल."

ही बातमी नवऱ्याच्या कानी गेली आणि दाढ एकदम बरी झाली बघा! धोतर सावरत, धापा टाकत तो आला. "थांबा! मी धरतो! माझ्याशिवाय कसं मोडता?"

काडी केव्हाच मोडली होती. तिचे दोन तुकडे पिंपळाखाली पडले होते आणि हा रिकामा हात पुढे करून उभा होता. त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही. बुरडणीने पाटलांकडून आपला कोयता मागून घेतला आणि ती नदीकडे चालू लागली. दुपारी तिथे पहिला धूर दिसला.

म्हणून ध्यानात धरा: जो नांदवत नाही आणि सोडतही नाही, त्याच्या होकारासाठी अडून बसतो तो न्याय नव्हे, जुलूमच.